चावलेला कुत्रा दहा दिवसांनी कुठे असेल?

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही ले-आउटमध्ये हे दृश्य दिसते. एक स्कूटर येते. पायाशी पातेले ठेवलेले असते. स्कूटरचा आवाज ओळखून पाच-सहा कुत्री आधीच कोपऱ्यावर जमलेली असतात. भात, कोंबडीचे पाय-मुंडकी, उरलेल्या पोळ्या कागदावर वाढल्या जातात. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आवाज येतो, ‘एवढा पुळका आहे तर घरी नेऊन खाऊ घाला ना!’ स्कूटरवाल्याचेही उत्तर तयार असते. दोघांचे भांडण जुने असते आणि कुत्र्यांनाही ते पाठ झालेले असते.

गॅलरीतला हा सल्ला 2022 साली न्यायालयाच्या आदेशात उतरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी शहरातल्या मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाबाबत आदेश दिला. न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल पानसरे यांच्या पीठाने सांगितले, की सार्वजनिक ठिकाणी कोणीही मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू नये. ज्याला खाऊ घालायचे आहे त्याने त्या कुत्र्याला रीतसर दत्तक घ्यावे, घरी न्यावे, महापालिकेकडे त्याची नोंद करावी, किंवा त्याला निवारा केंद्रात ठेवावे. आदेश मोडणाऱ्याला प्रत्येक वेळी 200 रुपयांपर्यंत दंड.

शहरात लगेच दोन तट पडले. प्रकरण दिल्लीला गेले. 16 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली आणि नागपूर महापालिकेला सांगितले, की लोकांना कुत्र्यांना खाऊ घालता येईल अशा जागा ठरवून आखून द्या. रस्त्यावरच्या कुत्र्याला कुठे आणि कोणी खाऊ घालायचे, हा आज देशभर गाजणारा प्रश्न नागपूरच्या गल्लीतून असा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

या वादात एक बाजू भूतदयेची आणि दुसरी चावा खाल्लेल्यांची, अशी मांडणी झाली. दोन्हींत तथ्य आहे. पण ज्या आजारामुळे हा सगळा प्रश्न जीवन-मरणाचा ठरतो, त्या रेबीजच्या विषाणूला कुत्रा कोणाचा आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. त्या कुत्र्याला गेल्या वर्षभरात लस मिळाली होती का आणि चावल्यानंतर दहा दिवसांनी तो सापडू शकतो का, या दोन गोष्टींवर पुढचे बरेच काही ठरते. शहराच्या कुठल्याही नियमाची परीक्षा या दोन प्रश्नांवर घेता येते.

विषाणूचा संथ प्रवास

रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत शिरतो, काही काळ तिथल्या स्नायूत राहतो आणि मग मज्जातंतूत घुसून त्याच्या आतून मेंदूच्या दिशेने सरकू लागतो. ही चाल फार संथ असते. म्हणूनच चावा आणि लक्षणे यांच्यात बहुधा दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभरात तर कधी वर्षानेही आजार उमटतो. पायाला चावा असेल तर मेंदूपर्यंतची वाट लांब, चेहऱ्याला किंवा मानेला असेल तर जवळची. हातांच्या बोटांत मज्जातंतूंचे जाळे दाट असते, म्हणून तिथला चावाही धोक्याचा.

विषाणू मेंदूत पोहोचला, पाणी पाहून घशाचे स्नायू आखडू लागले, की मग औषध उरत नाही. लक्षणे दिसू लागलेला रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावा आणि लक्षणे यांच्यामधल्या त्या संथ आठवड्यांत लस दिली, तर शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि विषाणू वाटेतच अडतो. शंभर टक्क्यांच्या जवळपास जीवघेणा आणि तरीही जवळपास पूर्ण टाळता येणारा असा दुसरा आजार शोधावा लागेल. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, ती याच संथपणाचा फायदा घेऊन.

भारतात या आजाराची मोजणी हा वेगळाच विषय आहे. 2024 मध्ये देशात 37 लाखांहून अधिक श्वानदंशांची नोंद झाली आणि रेबीजच्या संशयित मृत्यूंचा सरकारी आकडा होता 54. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी 15 राज्यांतल्या घरोघरी सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे 5,700 मृत्यूंचा आहे. दोन आकड्यांमध्ये शंभरपटीचा फरक! सरकारी नोंदीत न आलेल्यांपैकी बरेच जण घरीच मरण पावत असावेत. रेबीजच्या रुग्णाला पाहून नातेवाईक हादरतात, रुग्णालयही काही करू शकत नाही, आणि कुटुंब त्याला घरी घेऊन जाते. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले, की चावा बसलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांनी लस घेतलीच नव्हती.

यात मुले जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांपैकी 40 टक्के 15 वर्षांखालची असतात. मूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीचे असते, त्यामुळे चावा चेहऱ्यावर बसतो. आणि ‘तू का डिवचलेस त्याला?’ म्हणून मार मिळेल या भीतीने किरकोळ ओरखडा मूल घरी सांगतही नाही.

दहा दिवसांचे महत्त्व

चावा घेणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू केव्हा येतो, हे वैद्यकाला नेमके ठाऊक आहे. कुत्र्याच्या मेंदूत संसर्ग पोहोचल्यावरच तो लाळग्रंथींत उतरतो, आणि हे लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी घडते. लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणजे चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असेल, तर दहा दिवसांच्या आत तो कुत्रा आजारी दिसेल किंवा मेलेला असेल. दहाव्या दिवशी तो शेपूट हलवत पानठेल्यासमोर बसलेला असेल, तर त्या चाव्यातून रेबीज होण्याची भीती नाही. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू आहे. माकड, मुंगूस किंवा रानातल्या जनावराला नाही.

याचा अर्थ दहा दिवस वाट पाहायची असा मात्र मुळीच नाही. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची असते. कुत्रा दहाव्या दिवशी ठणठणीत दिसला तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

पण त्यासाठी कुत्रा सापडला पाहिजे, आणि शहराच्या नियमांचा संबंध इथे येतो. घरातला, पट्टा आणि महापालिकेचा नोंदणी क्रमांक असलेला कुत्रा चावला तर मालक माहीत असतो, लसीचे कार्ड पाहता येते. रोज रात्री ठरावीक कोपऱ्यावर जेवणारा गल्लीतला ‘काळू’ चावला तरी त्याला खाऊ घालणारा माणूस सांगू शकतो, की आज त्याने खाल्ले की नाही, त्याची चाल बदलली का, तो नेहमीच्या जागी आहे का. खरी अडचण कोणाच्याच ओळखीचा नसलेला, चावून पळालेला कुत्रा करतो. खाऊ घालणे पूर्ण बंद केले तर असे अनोळखी कुत्रे वाढतील. ते कचऱ्याच्या ढिगावर जगतील. भांडेवाडीसारखा कचऱ्याचा डेपो, मटणाच्या दुकानांमागची गटारे, रात्री बंद होणाऱ्या खाऊगल्ल्या यांवर कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाचा परिणाम होत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. घराच्या फाटकासमोर किंवा शाळेच्या वाटेवर रोज अन्न टाकले, की कुत्री त्या जागेची राखण करू लागतात. पहाटे दूधवाला आला, शिकवणीला जाणारी मुलगी सायकलवरून गेली, की ती धावून जातात. चावा प्रत्येक वेळी पिसाळलेल्या कुत्र्याचाच असतो असे नाही. बरेचसे चावे हे हद्दीच्या भांडणाचे असतात. पण सायकलवरून पडून हात मोडलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्यात अर्थ नाही.

सत्तर टक्के

एखाद्या शहरातून रेबीज घालवायचा तर सगळ्या कुत्र्यांना लस द्यावी लागत नाही. एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच संसर्ग देतो. गोवराच्या तुलनेत ही साखळी अगदी कच्ची आहे आणि निम्म्याहून कमी कुत्र्यांना संरक्षण असले तरी ती तुटू शकते. मग जगभर 70 टक्क्यांचे लक्ष्य का ठेवतात? कारण रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य छोटे असते. वाहनाखाली, आजारात, उन्हात कुत्री मरतात, नवी पिल्ले जन्मतात, आणि यंदा लस दिलेल्यांचा वाटा पुढच्या वर्षापर्यंत घसरत जातो. सुरुवात 70 टक्क्यांनी केली, तर पुढची मोहीम येईपर्यंत तो धोक्याच्या रेषेच्या वर राहतो. एक वर्ष खंड पडला, की केलेले पुष्कळसे वाया जाते.

आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले आहे. 2013 नंतर तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात केली. हाती न येणारे कुत्रे जाळीने पकडायचे, टोचायचे, अंगावर रंगाचा ठिपका लावायचा आणि तिथेच सोडायचे. कोणत्या गल्लीत किती ठिपकेवाले आणि किती बिनठिपक्याचे दिसतात, याची नोंद फोनवर व्हायची. कमी पडलेल्या भागात पथक पुन्हा जायचे. शाळांतून मुलांना शिकवले गेले, संशयित कुत्र्यांची माहिती देण्यासाठी फोन क्रमांक दिला गेला. 2019 पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजचे प्रमाण 92 टक्क्यांनी घटले. 2018 आणि 2019 या दोन वर्षांत तिथे रेबीजने एकाही माणसाच्या मृत्यूची नोंद नाही, आणि 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. या सगळ्यात कुत्र्यांची संख्या शून्यावर आणावी लागली नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर कुत्री आजही आहेत.

कुत्री मारून प्रश्न सुटेल, ही कल्पना फार जुनी आहे. इंग्रजांच्या काळातल्या मुंबईत मोकाट कुत्री मारण्यासाठी शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले, आणि 6 जून 1832 रोजी चिडलेल्या पारशी समाजाने दंगल केली. मुंबईच्या इतिहासात ती ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखली जाते. त्यानंतरही शहरोशहरी कुत्री मारली गेली आणि रेबीज राहिलाच. त्याचे कारण साधे आहे. एका गल्लीतली कुत्री नाहीशी झाली, की तिथले अन्न आणि जागा मोकळी होते आणि शेजारच्या भागातली नवी, बिनलसीची कुत्री तिथे येतात. मारलेल्यांत लस दिलेलीही असतात. म्हणजे पैसा खर्च करून 70 टक्क्यांचा वाटा आपणच खाली आणतो.

सध्या देशभर लागू असलेले ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम’ 10 मार्च 2023 रोजी अधिसूचित झाले. त्याआधी 2001 चे नियम होते. महापालिकेने मान्यताप्राप्त संस्थेमार्फत कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि ज्या भागातून आणले तिथेच सोडायचे, हा त्यांचा गाभा आहे. नसबंदीचा उपयोग फक्त संख्या कमी होण्यापुरता नाही. पिल्ले कमी जन्मली, की बिनलसीच्या नव्या कुत्र्यांची भर कमी पडते आणि लसीचा वाटा टिकतो. माद्यांवरून होणाऱ्या झुंजी आणि पिल्लांच्या राखणीसाठी आईने घेतलेले चावेही कमी होतात.

याच नियमांत खाऊ घालण्याबद्दलही लिहिले आहे. वसाहतीच्या समितीने जागा ठरवून द्यायची. ती जिना, इमारतीचे दार, मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर हवी. वेळ अशी हवी, की मुले आणि वृद्ध त्या वाटेने जात-येत नसतील. आणि खाऊन झाल्यावर जागा स्वच्छ करायची. वाद झाला तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, वसाहतीचा प्रतिनिधी, तक्रारदार यांच्या समितीने तोडगा काढायचा. यातली एक तरतूद भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या फारशी लक्षात नसते. खाऊ घालणाऱ्याला कुत्र्यांना पकडण्याच्या, लस देण्याच्या आणि परत सोडण्याच्या कामात स्वेच्छेने मदत करता येते, असे नियम म्हणतात. आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे कलम हेच म्हणावे लागेल. जाळी घेऊन आलेली गाडी पाहताच कुत्री चार गल्ल्या पलीकडे पळतात. रोज भात घालणाऱ्या माणसाच्या हातून मात्र ती पट्टा घालून घेतात, मानेला धरू देतात. लस टोचणाऱ्या पथकाचे निम्मे काम तिथे होते. पातेले घेऊन येणाऱ्याने पशुवैद्यकालाही सोबत आणले, तर गॅलरीतल्या माणसाची तक्रार निम्मी होईल. भुंकण्याची राहील, ती वेगळी.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवारा केंद्रात हलवण्याचा आदेश झाला. देशभर ओरड उठली. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायची, पण रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. रस्त्यावर कुठेही खाऊ घालायचे नाही. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात ठरलेल्या जागा हव्यात. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितले. ठरलेल्या जागा आखून देण्याचे जे काम नागपूर महापालिकेला 2022 मध्ये सांगितले गेले होते, ते आता सगळ्या देशाच्या वाट्याला आले. जागा आखणे सोपे नाही. आपल्या घरासमोर ती असावी, असे कोणालाच वाटत नाही.

घरात पाळलेल्यांचे काय?

पाळीव कुत्र्याला रेबीज होत नाही, हा एक मोठा गैरसमज आहे. अंगणात सोडलेल्या, संध्याकाळी फाटकाबाहेर फिरून येणाऱ्या कुत्र्याला गल्लीतला कुत्रा चावू शकतो. तीन महिन्यांच्या आसपास पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि दरवर्षी एक डोस, एवढे तरी पाळायलाच हवे. मांजरालाही. 2023 च्या नियमांनुसार पाळीव जनावराचे लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी आहे. महापालिकेकडची नोंदणी ही अनेकांना नसती कटकट वाटते. पण हरवलेला कुत्रा परत मिळायला आणि चावल्यावर मालक शोधायला तीच उपयोगी पडते.

हाउसिंग सोसायटीला मात्र पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच तसे स्पष्ट केले आहे. लिफ्ट वापरू न देणे, त्यासाठी वेगळे पैसे मागणे यालाही आधार नाही. दुसरीकडे, कुत्र्याला साखळीने फिरवणे आणि त्याची घाण उचलणे हे मालकाकडून अपेक्षित आहे. नागपुरातल्या सकाळच्या फिरस्त्यांना या दुसऱ्या मुद्द्यावर बरेच काही बोलायचे असेल. ही तक्रार केवळ किळसेची नाही. कुत्र्याच्या विष्ठेतल्या गोलकृमींची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि बागेत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून पोटात जातात. तिथून निघालेल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही शिरतात.

जातींवर बंदी घालण्याचा प्रयत्नही होऊन गेला. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 जातींची कुत्री पाळण्यास मनाई करणारे पत्रक काढले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले.

कुत्र्यांपलीकडे पाहिले तर नियम वेगळे आणि काही बाबतीत अधिक कडक आहेत. पिंजऱ्यातला मिठू कितीही लाडका असला, तरी आपला देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चांदण्या असलेले कासवही तसेच. गायी-म्हशींबाबत राज्याचा 1976 चा कायदा आहे. शहरात जनावरे ठेवायला परवाना लागतो. दाट वस्तीतल्या गोठ्यांचे शेण, डास आणि रस्त्यावर सोडलेली जनावरे यांवरून नागपुरात नेहमीच तक्रारी होतात.

घराच्या मागे चार कोंबड्या ठेवणाऱ्यांनी बर्ड फ्लू हलक्यात घेऊ नये. मार्च 2024 मध्ये नागपुरातल्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात तो आढळला आणि आठ हजारांहून अधिक कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच5एन1 विषाणूने दगावले. कोंबडी अचानक मेली तर ती हाताने उचलून उकिरड्यावर टाकण्यापेक्षा पशुसंवर्धन विभागाला कळवणे का महत्त्वाचे, ते यावरून ध्यानात येईल.

चावल्यावर पहिली पंधरा मिनिटे

कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर त्याने चाटले, तरी पहिले काम एकच. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते मोडते. इतका साधा उपाय जखमेतले पुष्कळ विषाणू तिथल्या तिथे नष्ट करतो. मिरचीपूड, हळद, चुना, तेल यांतले काहीही लावायचे नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही, शक्यतो टाके घालायचे नाहीत.

मग सरळ रुग्णालय. सरकारी रुग्णालयांत, म्हणजे नागपुरात मेडिकल आणि मेयोतही, ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, ही भीती अजून अनेक घरांत आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात, कातडीत, छोटी टोचणी असते. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आले असेल किंवा चावा चेहऱ्यावर असेल तर लसीबरोबर जखमेतच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, दवाखान्यातल्या बोलीत ‘सीरम’, द्यावे लागते. लसीने प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोपर्यंतची राखण हे तयार प्रतिपिंडांचे औषध करते. ते मागायला संकोच करू नये. आणि जखम दुखेनाशी झाली म्हणून अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस चुकवू नये.

‘पिल्लू होते, त्याला काय रेबीज असणार’ असे म्हणून पुष्कळ जण दवाखान्यात जात नाहीत. पिल्लालाही आई किंवा दुसरा कुत्रा चावलेला असू शकतो, आणि त्याचे दात लहान असले तरी लाळ तीच असते.

भाद्रपदात कुत्र्यांच्या टोळ्या का फिरतात हे गावात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, कार्तिकात, गटाराच्या पाइपात, बांधकामाच्या वाळूत, पार्क केलेल्या गाडीखाली पिल्ले दिसू लागतात. त्यांच्या आया त्या काळात जवळ येणाऱ्यावर धावतात. मुलांना तेव्हा तिथे जाऊ न देणे बरे. माघाच्या थंडीत ती पिल्ले तीन महिन्यांची झालेली असतात आणि कोणाच्याही मागे पळत येतात. त्यांना पहिली लस टोचण्याची वेळ तीच असते, आणि सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत टोपलीत घालून न्यायलाही ती तेव्हाच सगळ्यात हलकी असतात.